मुस्ती काही खात नाही

८ फेब्रुवारी १९९३, सोमवार

डॉ. हेस म्हणाले म्हणून लिहायला घेतलंय. हे जनावरांचे डॉक्टर. "मिसेस सारेला, कुत्रा रोज काय खातो, काय सोडतो, सगळं टिपून ठेवा." टिपायचं काय, कपाळ? खातच नाही. झालं टिपून.

पण वही आणलीच आहे तर नीट लिहिते.

मुस्ती मुळात आमचा नव्हे. माझ्या नवऱ्याच्या, आर्वोच्या थोरल्या भावाचा, आइनोचा. आइनो ऑक्टोबरात गेला. घशाखाली काही उतरेना, शेवटी शेवटी पाणीसुद्धा. आर्वो रोज जाऊन त्याच्याजवळ बसायचा आणि घरी आल्यावर एक अक्षर बोलायचा नाही. दफन आटोपून आला तो या काळ्या केसाळ प्राण्याला गाडीत घालूनच. मला विचारलं वगैरे नाही. मीही काही म्हटलं नाही. भाऊ गेलेल्या माणसाशी कुत्र्यावरून काय भांडायचं?

नाताळपर्यंत सगळं ठीक होतं. दुकानातलं कोरडं खाणं ओतलं की मुकाट्याने कुरुमकुरुम खायचा. नवं वर्ष लागलं आणि याची थेरं सुरू झाली. वाटीशी येतो, हुंगतो, शाळेत तपासणीला आलेल्या साहेबासारखा माझ्याकडे बघतो आणि जाऊन आर्वोच्या पायांवर आडवा होतो.

मी उभी हयात शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. भरलेली ताटली घेऊन कोणी पोर खिडकीशी आलं तर मी त्याला परत पाठवायची. आधी संपव, मग खेळायला जा. या गावातले अर्धे बाप्ये अजून मला रस्त्यात बघून टोपी काढतात ते प्रेमाने नव्हे, भीतीने. आणि आता एक कुत्रं माझ्या हातचं नाकारतंय.

डॉक्टरांनी आज त्याला काट्यावर चढवलं. म्हणाले, "वजन वाढलंय याचं."

"कसं वाढेल? खात नाही तो."

"उपाशी कुत्र्याचं पोट असं टुमटुमीत नसतं. याला कोणीतरी खाऊ घालतंय. आणि चांगलंचुंगलं घालतंय."

"घरात आम्ही दोघंच."

"मग शेजारीपाजारी बघा."

शेजार आम्हाला एकच आहे.

११ फेब्रुवारी, गुरुवार

गाईचं काळीज उकडून, बारीक चिरून, वर थोडं लोणी. मुस्तीने एकदा जीभ लावली आणि ढेकर दिली. कुत्र्याची ढेकर मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली.

आर्वोला सांगितलं तर हसला नाही. "असू दे गं, म्हातारा आहे तो. नसेल खायचं."

"नसेल खायचं म्हणजे? मग वजन हवा खाऊन वाढलं?"

"मीठ दे जरा," म्हणाला.

उठून मीठ आणलं. मग लोणी. मग कॉफी. हल्ली एका जेवणात मला तीन तीनदा उठवतो. पण एक आहे, ताटली मात्र लख्ख. मांसाचा तुकडा नाही, बटाट्याची साल नाही. या घरात खाणारं कोणी उरलं असेल तर तोच.

१३ फेब्रुवारी, शनिवार

आज सौना, आमची शनिवारची वाफेची आंघोळ. लाकडं आर्वोनेच पेटवली. मी टॉवेल घेऊन निघाले तर म्हणे, "तू आधी जाऊन ये. मी मागाहून जाईन."

लग्न झाल्यापासून दर शनिवारी आम्ही दोघं एकत्र वाफ घेतो. भांडण असेल तर पाठ करून बसतो, पण एकत्र.

"का? माझी पाठ कोण घासणार?"

"वाफ सोसत नाही हल्ली. तू गेलीस की निवल्यावर बसेन."

वाफ सोसत नाही! ज्याने बर्फात लोळून परत आत जायच्या पैजा मारल्या, त्याला! मी एकटी जाऊन आले. पाठ कशीबशी ब्रशने घासली. तो गेला तेव्हा आतून कडी लावल्याचा आवाज आला. सौनाला कडी आहे हेसुद्धा मी विसरले होते.

१९ फेब्रुवारी, शुक्रवार

आता डेल्फीनबद्दल लिहायला हवं.

डेल्फीन पाकेट. आमच्या मागच्या कुंपणापलीकडे राहते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. फ्रेंचांची मुलगी, कॅथलिक, ओठांना अजून लाली लावते, आणि बोलताना समोरच्याच्या दंडावर हात ठेवायची खोड. मी तिच्याविरुद्ध कधी काही बोलले नाही. मनात काय ते मनात.

जानेवारीत तिचा पंप गोठला, तेव्हापासून आर्वो तिकडे जातो. आधी पंप. मग तळघरातला नळ. मग म्हणे दाराची बिजागरी. एवढंसं घर, इतकं काय मोडतं त्यात? जाताना मुस्ती त्याच्याबरोबर.

आज तो परतल्यावर मी बूट चढवून मागे गेले. ताज्या बर्फात सगळं लिहिल्यासारखं दिसतं. त्याच्या बुटांचे ठसे, कुत्र्याच्या पंजांचे ठसे, सरळ तिच्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. पंपाकडे एकही पाऊल गेलेलं नाही.

ती खिडकीतून बघत होती. दार उघडून म्हणाली, "इल्मी! ये ना आत, कॉफी घे."

"नको. कुत्र्याला काय देतेस गं तू?"

"मी? काहीच नाही."

"काहीच नाही?"

"देवाशपथ." आणि तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

एवढ्या तेवढ्याला देवाची शपथ कोण घेतं?

२२ फेब्रुवारी, सोमवार

ट्राउटचं डोकं दुधात उकळून दिलं. नाही. अंड्याचा बलक, नाही. माझ्या वेलचीच्या पावाचा तुकडा घेतला आणि नेऊन सोफ्याखाली पुरून आला.

आर्वो टोचा मागत होता. पट्ट्याला आणखी एक भोक पाडायचंय म्हणे. कातडं जुनं झालं की सैल पडतं. मी म्हटलं नवीन घे, तर नको म्हणाला. कंजूस तो कंजूसच.

२६ फेब्रुवारी, शुक्रवार

सापडली!

परवापासून कॅथलिक लोकांचे ईस्टरच्या आधीचे उपास सुरू झालेत. शुक्रवारी मांसाला हात लावायचा नाही. डेल्फीन तर इतकी सोवळी की शुक्रवारी अंडं खातानासुद्धा दोनदा विचार करते. आणि आज, शुक्रवारी, मी कपडे वाळत घालायला मागे गेले तर तिच्या घरातून हाडांच्या रश्श्याचा वास! नुसता सुटला होता. कांदा, तमालपत्र, मज्जेची हाडं. इतकी वर्षं मोठमोठ्या पातेल्यांपुढे उभी राहिलेय, माझं नाक चुकत नाही.

स्वतःसाठी नाही रांधत ती. मग कोणासाठी? उत्तर सांगायला नको. आमच्या कुत्र्याला मज्जेच्या हाडांची चटक लावून ठेवलीय आणि वर देवाशपथ म्हणते. म्हणूनच माझं काळीज त्याला बेचव लागतं.

का करत असेल? कुत्रं हवं असेल तर माग ना सरळ. देऊन टाकीन.

आर्वोला सांगितलं. तो खुर्चीत बसून डोळे मिटून ऐकत होता. म्हणाला, "इल्मी, सोड ना. बिचारी एकटी आहे."

बिचारी.

२ मार्च, मंगळवार

आर्वोच्या कोटाला वास येतोय. तमालपत्राचा. मी दोनदा हुंगून बघितलं.

कुत्र्याने रस्सा प्यायला तर कोटाला वास कसा येईल? दारात उभं राहून येतो का एवढा? आत बसावं लागतं. बराच वेळ बसावं लागतं.

हे लिहिलं आणि आता वाचलं. खोडत नाही.

६ मार्च, शनिवार

आजही सौनाला मी आधी, तो नंतर, कडी आतून. आंघोळ करून आला तो शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावूनच. अंगाला साबणाचा वास. इतकं स्वच्छ कोणासाठी व्हायचं असतं?

झोपतानाही हल्ली लोकरीची बंडी घालतो. थंडी वाजते म्हणतो. मार्चात. याच माणसाने मागच्या मार्चात उघड्या अंगाने छपरावरचा बर्फ पाडला होता.

मी एकोणसत्तर वर्षांच्या माणसाबद्दल असले विचार करतेय. माझं मलाच हसू यायला हवं. येत नाही.

१२ मार्च, शुक्रवार

आज शहानिशा केली. सकाळपासून मुस्तीला घरातच ठेवला. आर्वो एकटाच गेला "बिजागरी बघायला". कुत्रं दिवसभर माझ्या नजरेसमोर. डेल्फीनचा हात त्याच्यापर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. दुपारी वाटी भरली, तो शिवलाही नाही. म्हटलं, संध्याकाळपर्यंत भूक लागेलच की.

संध्याकाळी पास्टी केल्या होत्या. मांस, बटाटा, सलगम, कांदा, कडा छान मुरडून, भरपूर लोणी. आर्वोच्या आवडीच्या. तो म्हणाला, "वा!" मग म्हणाला, "थंड दूध आहे का गं?" मी तळघरात जाऊन दूध घेऊन आले तोवर याची पास्टी संपलेली! "अरे, चावलीस तरी का?" म्हटलं. तो रुमालाने हात पुसत होता. "भूक लागली होती," म्हणाला. मुस्ती त्याच्या पायाशी टेबलाखाली नेहमीसारखा. मी वाटी पुढे सरकवली, त्याने मान वळवली.

म्हणजे डेल्फीन नाही तर कोण? कालचंच अजून पोटात असेल? हाडं पचायला वेळ लागतो म्हणा.

काहीतरी माझ्या नजरेतून निसटतंय. सगळं समोर आहे आणि जुळत नाही.

१८ मार्च, गुरुवार

आज जे झालं ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते.

सोसायटीच्या दुकानात डेल्फीन माझ्या पुढे रांगेत होती. टोपलीत मज्जेची हाडं, दलिया, मलई. मागे दोन बायका चर्चमधल्या, ओळखीच्या. माझा तोल गेला.

"काय गं डेल्फीन, उपासाची तयारी वाटतं?"

ती वळली. "इल्मी, मी—"

"आमच्या घरचं कुत्रं आणि आमच्या घरचा पुरुष, दोघांनाही तुझ्याच हातचं गोड लागतं ना? आणखी काय काय मोडलंय तुझ्या घरात? यादी तरी दे, मी हातोडी घेऊन येते."

डेल्फीनचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं रडेल, नाहीतर उलटून बोलेल. तिने टोपली खाली ठेवली, माझ्या दंडावर तो तिचा हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाली, "घरी जा इल्मी. आणि त्याच्याकडे एकदा नीट बघ."

"चाळीस वर्षं बघतेय मी त्याच्याकडे!"

"म्हणूनच म्हणते," म्हणाली, आणि टोपली तिथेच टाकून निघून गेली.

म्हणूनच म्हणते! माझ्याच नवऱ्याकडे कसं बघायचं ते ही मला शिकवणार!

घरी आले तर आर्वो चुलीजवळ झोपला होता. मी बघितलं, बराच वेळ बघितलं. झोपलेला माणूस काय सांगणार? म्हातारा दिसत होता, एवढंच. आपण सगळेच दिसतो.

२३ मार्च, मंगळवार

मुस्तीला आज डॉ. हेसकडे ठेवून आले. त्यांनीच सुचवलं. "दोन दिवस माझ्याकडे राहू द्या. इथे ना शेजारीण ना लाड. कोरडं खाणं आणि पाणी. खातो की नाही ते कळेलच."

आर्वोला मी आधी सांगितलंच नाही. तो डुलकी काढत होता तेव्हा कुत्र्याला गाडीत घातलं. परत आले तर तो दारात उभा.

"मुस्ती कुठाय?"

सांगितलं.

"दोन दिवस? मला विचारायचं तरी!" इतका चिडला की मी बघतच राहिले. चिडलाही नाही, घाबरला. कुत्र्यावाचून एवढं काय अडतं कोणाचं?

पुढचं संध्याकाळचं. सावकाश लिहिते.

डुकराच्या मांसाचे चॉप केले होते, बटाटे, कोबी. बसलो. आर्वोने काटा हातात घेतला आणि नुसता धरून ठेवला. मग म्हणाला, "आज भूक नाही गं."

आता माझ्या डोक्यात काय होतं ते मला माहीत आहे. तिच्याकडे जेवून आलाय. माझ्याकडे भूक नाही.

"मीठ आणू? लोणी?" मी विचारलं.

"आण."

"नाही आणत. आज मी उठायची नाही. खा."

"इल्मी..."

"माझ्या हातचं नको झालंय का? तसं सांग. इतक्या वर्षांनी नको झालं असेल तर तोंडावर सांग. नाहीतर खा. माझ्यासमोर खा."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग मांसाचा तुकडा कापला, अगदी नखाएवढा, तोंडात घातला. चावला. चावत राहिला. म्हाताऱ्या गायीसारखा चावत राहिला आणि माझा राग वाढतच गेला, मला वाटलं नाटक करतोय. "गीळ," मी म्हटलं. हा शब्द मीच म्हटला. शाळेत पोरांना म्हणायची तसा.

त्याने गिळलं.

ते कुठेतरी मध्येच अडलं. त्याने छातीवर मूठ धरली. पाणी प्यायला गेला, तर पाणी तसंच परत वर आलं, नाकातोंडातून. डोळे बाहेर आल्यासारखे. उठून मोरीशी गेला, वाकला, आणि ओकायलाही जमेना. मी त्याच्या पाठीवर थोपटायला हात टाकला.

शर्टाखाली पाठ नव्हती. हाडं होती. माझा हात एका एका मणक्यावरून खाली गेला.

तुकडा बाहेर पडला तेव्हा तो तिथेच खाली बसला. मीही बसले, फरशीवर. त्याची बटणं मी सोडली. त्याने अडवलं नाही. एवढा मोठा माणूस, आणि आत काही शिल्लकच नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"नाताळपासून. आधी मांसच अडायचं फक्त. आता पावही अडतो. रस्सा जातो."

"तिच्याकडचा."

"तिच्याकडे एकदा कॉफीबरोबर बिस्किट खाल्लं, ते असंच अडलं. तिने पाहिलं. काय करणार होतो मी? रोज भांडते ती माझ्याशी, बायकोला सांग म्हणून. मीच तिच्याकडून शपथ घेतली."

"आणि माझी जेवणं?"

टेबलाखालच्या रिकाम्या जागेकडे बघत होता.

कुत्रं खात नाही म्हणत होते मी. तीन महिने आर्वोच्या ताटलीतलं, मी रांधलेलं सगळं मुस्तीनेच खाल्लं होतं.

२४ मार्च, बुधवार

सकाळी डॉ. हेसचा फोन. "लबाड आहे तुमचा कुत्रा! कोरड्या खाण्याची वाटी चाटूनपुसून साफ. दुसरी मागतोय." मी बरं म्हणून फोन ठेवला.

मग शहरातल्या, हाउटनच्या इस्पितळाला लावला. आर्वो नको नको करत होता. म्हणाला, "मला माहितीय काय आहे ते. आइनोचं पाहिलं मी. त्यालाही असंच सुरू झालं होतं, आधी मांस, मग पाव. सांगून काय होणार? तो सांगत बसला तर त्याला कापलं, किरणांनी भाजलं, आणि नाताळाआधीच गेला. मला तेवढा उन्हाळा हवा होता, कोणी काही न करता."

"आणि मी? मला काय हवं होतं ते कोण विचारणार?"



३० मार्च, मंगळवार

नळी घालून बघितलं. खाली, पोटाच्या तोंडाशी, अन्ननलिका आवळली गेलीय. पेन्सिलीएवढी वाट उरलीय. तिथला तुकडा काढून तपासायला पाठवलाय. डॉक्टर तरुण आहे, फार हसतो, मला त्याचा भरवसा वाटत नाही. "काय आहे ते सरळ सांगा," म्हटलं. "अहवाल येईपर्यंत मी काहीच सांगणार नाही," म्हणाला. म्हणजे वाईटच असणार. चांगलं असतं तर सांगितलं असतं.

मुस्तीला घरी आणला. टेबलाखाली जाऊन बसला आणि वर बघत राहिला. मी त्याला बाहेरच्या खोलीत कोंडला, आणि मग मलाच कसंतरी झालं. त्याचा काय दोष? दिलं ते खाल्लं.

१ एप्रिल, गुरुवार

डेल्फीनकडे गेले. पुढच्या दाराने गेले, मागच्या नाही.

ती काही बोलायच्या आत मी म्हटलं, "दुकानात बोलले ते मी दुकानातच जाऊन परत घेईन. त्या दोघींसमोर. तू म्हणशील त्या दिवशी."

"राहू दे गं."

"राहू कसं दे? तुला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही मी."

"माझी हाडं राहिली तिथे, त्याचंच जास्त वाईट वाटलं," म्हणाली, आणि मग आम्ही दोघीही हसलो आणि मग ती रडली. मी नाही. मला रडू येतच नाही पटकन.

मी विचारलं, "मला का नाही सांगितलं त्याने? तुला सांगितलं, मला का नाही? आजाराचं भय होतं ते कळलं. पण तुझ्यापुढे घोट घोट रस्सा प्यायचा आणि माझ्यापुढे ताटली रिकामी करून दाखवायची, हे का?"

तिने ओठ चावला.

"सांग. आता काय लपवायचं राहिलंय?"

"मीही विचारलं होतं त्याला. तो म्हणाला, इल्मी रडली तर मी सोसेन. पण ती रडणार नाही, ती जास्त रांधेल. रोज नवीन काहीतरी करेल. आणि प्रत्येक वेळी मी ताटली परत देताना तिचं तोंड मला बघवणार नाही."

मी घरी आले. ओट्यावर कालची पेज होती, भाताची, गाळलेली, थोडी मलई घातलेली. आज वेगळं काहीतरी करायचं माझ्या मनात होतं. दोन प्रकारचं. गाजराचंही. चुलीपुढे उभी होते, हात पातेल्याकडे गेला होता.

पेजच गरम केली.

७ एप्रिल, बुधवार

अहवाल आला. आइनोचं दुखणं नाही!

दोनदा विचारलं डॉक्टरला. लेखी मागितलं. वर्षानुवर्षं पोटातलं आम्ल वर येऊन आतून चरे पडले, ते भरता भरता वाट आवळत गेली, म्हणाला. "यांना छातीत जळजळ होत नव्हती का?" व्हायची ना. जळजळीवरच्या त्या खडूसारख्या गोळ्या खिशात घेऊन फिरायचा, मला वाटायचं कामावरची जुनी सवय. फुगा घालून वाट रुंद करायची, एकदोनदा परत करावी लागेल, गोळ्या चालू ठेवायच्या. संपलं.

आर्वोने ऐकलं. टोपी हातात घेऊन गोल गोल फिरवत होता. बाहेर आल्यावर गाडीला टेकून म्हणाला, "म्हणजे मी उगाचच..."

मला इतका राग आला की मी किल्ली कुलपात तिरकी घातली. तीन महिने! कुत्र्याला पोसलं, मला वेड लावायची वेळ आणली, आणि स्वतः मरणाची वाट बघत बसला, कोणाला एक शब्द विचारायला नको म्हणून! सगळं बोलून टाकलं. पार्किंगमध्ये लोक बघत होते. तो मान खाली घालून ऐकत होता, आणि मग मी बघितलं तर हसत होता. गालांची हाडं वर आलेली, आणि हसत होता. मग मीही थांबले.

१४ एप्रिल, बुधवार

आज फुगा घालून वाट मोकळी केली. दुपारभर झोपला. संध्याकाळी सोडलं. घरी यायच्या वाटेवर, सरोवराच्या कडेने गाडी चालवत होते, तो शेजारी कांबळं पांघरून. बर्फ अजून काठाला आहे, मधलं पाणी मोकळं झालंय.

म्हणाला, "भूक लागली."

मी इतक्या जोरात ब्रेक मारला की मागचा ट्रकवाला शिव्या देत गेला.

आणि गाडीत माझ्या हातचं काही नव्हतं. इस्पितळात खायचं नाही म्हणाले होते म्हणून मी काहीच बरोबर घेतलं नव्हतं, मी, जी चर्चला जातानाही पर्समध्ये पाव ठेवते. पुढे हमरस्त्यावर ट्रकवाल्यांचं एक खानावळवजा दुकान होतं, तिथे थांबलो. वाढणारी बाई च्युइंगम चघळत आली. मी म्हटलं पातळ काय आहे? बटाट्याचं सूप म्हणाली.

सूप कसलं, पिठाची कांजी. मीठ नाही, मिरी नाही, बटाटे डब्यातले. मी चमचाभर चाखून बघितलं आणि चमचा बशीत ठेवला. तोंड उघडलं होतं. मिटलं.

आर्वोने पहिला चमचा घेतला. त्याच्या गळ्यातली गाठ वर गेली, खाली आली. दुसरा. मी मोजत नव्हते, पण बघत होते. प्रत्येक वेळी वाट बघत होते की आता छातीवर मूठ जाईल. मध्येच त्याचा डावा हात टेबलाखाली गेला आणि मी लगेच वाकून बघितलं.

"रुमाल पडला गं," म्हणाला.

"उचल मग."

"अशी बघत राहिलीस तर घास कसा उतरेल?"

"उतरतोय. दिसतंय मला."

"इल्मी. तिकडे बघ जरा."

बरं म्हटलं. खिडकीकडे तोंड केलं. बाहेर अंधारायला लागलं होतं, आत दिवे लागले होते. त्या काचेत तो अख्खा दिसत होता, चमचा तोंडाशी नेताना.